पहिल्या हातशिलाईसाठी फेल्ट घ्यावं की सुती कापड?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदा सुई-दोरा हातात घ्यायचा, तर समोर बहुधा दोनच गोष्टी असतात: घरात उरलेलं सुती कापड किंवा फेल्टचे, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचे, ए-फोर आकाराचे तुकडे. वस्तू दोन्हींतून सारख्याच होतात. तुलना नीट व्हावी म्हणून इथे एकच नमुना धरू. कापूस भरलेला मासा: १४ सेंटीमीटर लांब, पोटाशी ९ सेंटीमीटर रुंद, शेपटीच्या अलीकडे निमुळता होत ३ सेंटीमीटरवर आलेला. सारखे दोन तुकडे, मधे कापूस, दोन्ही अंगांना एकेक डोळा.

हा मासा दोन्ही कापडांत पुष्कळदा शिवून झाला आहे आणि माझा कल एका बाजूला झुकला आहे. पण दुसरी बाजूही लंगडी नाही, म्हणून आधी तिचंच.

साध्या विणीच्या, मध्यम जाडीच्या सुती कापडातून सुई अलगद जाते. लहान बोटांत जोर कमी असतो, त्यामुळे ही बारीक गोष्ट नाही. खडूची रेघ सुती कापडावर स्पष्ट उमटते, इस्त्री चालते, घडी बसते. बारीक चौकडीचं कापड घेतलं तर त्याच्यासारखा शिक्षक नाही: पाच-सहा मिलिमीटरच्या चौकडीत एका कोपऱ्यात सुई आत, पुढच्या कोपऱ्यात बाहेर, एवढंच सांगायचं. धावदोरा, म्हणजे असा आत-बाहेर जाणारा साधा टाका, आपोआप सरळ आणि सारखा येतो. कापड मात्र आधी एकदा धुऊन घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवून झाल्यावर आटलं तर टाक्यांशी चुण्या पडतात.

सुती कापडाविरुद्ध पहिली तक्रार सगळे करतात ती दशांची, म्हणजे कडेच्या सुटणाऱ्या धाग्यांची. कापलेली कड मुलाच्या हातात अर्धा तास राहिली की दशा सुटून दोन-तीन मिलिमीटर कापड सहज जातं, उरेब (तिरक्या) कापलेल्या कडेपेक्षा सरळ धाग्यावर कापलेल्या कडेचं तर जास्तच. पण यावर उपाय आहेत. कापायच्या आधी कापडाला कडक खळ द्या, शिलाईला सहा मिलिमीटरऐवजी पूर्ण एक सेंटीमीटर माया (शिलाईबाहेरचं जादा कापड) ठेवा, जमल्यास नागमोडी धारेच्या कात्रीने कापा. एवढं केलं की दशा आटोक्यात राहतात. नुसत्या दशांपायी मी सुती कापड बाजूला ठेवलं नसतं.

पारडं फिरलं ते सुलटवण्यापायी.

सुती मासा उलट्या बाजूने शिवावा लागतो. दोन्ही सुलट्या बाजू आत, कडेने धावदोरा, पोटाशी सहा सेंटीमीटर जागा मोकळी, मग त्या फटीतून मासा सुलटा करायचा, कापूस भरायचा आणि फट बंद करायची. मोठ्यांना हे इतकं सवयीचं असतं की यात काही अडचण असेल असं वाटतच नाही. मुलाच्या बाजूने पाहा. ते ज्या बाजूवर टाके घालतंय ती बाजू दिसणारच नाही. डोळा कुठे लावायचा ते उमगत नाही. लावला तर तो आत जातो, आणि आपण उलट्या बाजूला डोळा शिवला की काय, असं त्याला वाटतं.

त्याहून मोठी अडचण टाक्यांची आहे. सुलटवलेल्या शिलाईवर आतल्या कापसाचा ताण येतो, म्हणून टाका तीन मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. पाच वर्षांच्या मुलाचा टाका आठ ते दहा मिलिमीटरचा असतो, एखादा पंधराचाही. सुलटवून कापूस भरला की प्रत्येक मोठ्या टाक्यातून पांढरा कापूस डोकावतो. शेपटीच्या अलीकडचा निमुळता भाग तर हमखास फसतो. तिथे आत वळणारी गोलाई आहे. सुलटवल्यावर ती ताणून सुरकुतू नये म्हणून मायेला शिलाईपासून दोन मिलिमीटरपर्यंत तीन-चार काप द्यावे लागतात. टाके बारीक असतील तर काप दोन टाक्यांच्या दरम्यान निमूट बसतो. टाके मोठे असतील तर कात्रीचं टोक नेमकं मोकळ्या जागी पडतं आणि सुलटवताना ती जागा उसवते. तीन सेंटीमीटरच्या त्या बोळातून शेपटी बाहेर काढायला पेन्सिलीची बोथट बाजू वापरावी लागते. जोर जास्त झाला की पेन्सिल टाक्यांतूनच बाहेर येते. शेवटी फट बंद करायची ती दोन्ही कडा आत मुडपून, दोरा दिसू न देता, एकदा या घडीतून आणि एकदा त्या घडीतून सुई नेत. हे काम पाच वर्षांच्या मुलाचं नाहीच.

म्हणजे होतं काय, तर मूल शिवतं आणि मग मोठं माणूस आतून दुसरी शिलाई घालतं, काप देतं, सुलटवतं, फट बंद करतं. मुलाच्या हातचा एकही टाका तयार माशावर दिसत नाही. मुलांना हे बरोबर कळतं. ‘हा मी केला’ असं म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली येतो.

फेल्टमध्ये हा सगळा मधला भागच गळून पडतो. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात, त्यामुळे त्याला उभा-आडवा धागा नाही आणि दशाही नाहीत. कड उघडी ठेवता येते, म्हणून बाहेरून शिवता येतं. मायेची गरज नाही, सुलटवणं नाही. टाका दहा मिलिमीटरचा पडला तरी दोन जाड कडा एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि कापूस आतच राहतो. वेडावाकडा टाका इथे नक्षी म्हणून खपतो.

मासा असा करा. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून एकदम कापू नका. कात्रीत खालचा तुकडा सरकतो आणि लहान कापला जातो. फेल्टवर पेनची रेघ धड उमटत नाही, म्हणून कागदी नमुना चिकटपट्टीने लावून कागदासकट कापा. मुलांची बोथट कात्री फेल्ट कापत नाही, नुसती चावते. कापण्याचं काम स्वतःकडे ठेवलेलं बरं. तुकडे जोडण्याआधी दोन्ही अंगांचे डोळे शिवून घ्या. मासा तीन वर्षांच्या आतल्या भावंडाच्या हाती जाणार असेल तर बटणाचा डोळा नको, फेल्टची टिकलीही नको, दोऱ्यानेच काढा. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावणारा सुटा भाग या वयासाठी धोक्याचा धरतात, आणि कोणतंही शर्टाचं बटण त्यात मावतं.

मग दोन्ही तुकडे कपड्यांच्या चिमट्यांनी धरा. टाचण्या जाड फेल्टमध्ये तिरक्या होतात आणि बोटांना टोचतात. सहापदरी भरतकामाच्या दोऱ्याचे तीन पदर वेगळे काढा. दोरा मुलाच्या हाताच्या दुप्पट लांब घेऊन नेढ्यातून ओवा आणि दोन्ही टोकं एकत्र गाठा, म्हणजे दर चौथ्या टाक्याला सुई दोऱ्यातून निसटणार नाही. याहून लांब दोरा गुंततोच. सुई मोठ्या नेढ्याची हवी. पाच वर्षांखालच्या मुलासाठी कडेपासून चार मिलिमीटर आत, सात-सात मिलिमीटरवर टोच्याने आधी भोकं पाडून ठेवा, म्हणजे बोथट सुईही चालते. हे चार मिलिमीटर पाळाच. फेल्टमध्ये दोऱ्याला अडवणारा विणीचा धागा नसतो, त्यामुळे कडेला दोन मिलिमीटरवर घातलेला टाका ओढला की तंतू फाकतात आणि टाका कडेतून बाहेर येतो.

सुरुवात शेपटीपासून करा. शेपटी आणि निमुळता भाग शिवून झाला की तिथेच थांबून चिमूट-चिमूट कापूस भरा. पूर्ण शिवल्यावर तिथे बोट पोचत नाही. मग पोटाकडे वळा. या माशाचा घेर साधारण ४० सेंटीमीटर येतो, म्हणून दोरा मधे एकदा तरी नव्याने ओवावा लागेल. ती वेळ विश्रांतीला चांगली. वरच्या बाजूला पाच सेंटीमीटर उरले की उरलेला कापूस भरायचा आणि तोच धावदोरा पुढे नेऊन बंद करायचं. पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत एकच टाका, एकच हात.

फेल्टचे दोषही सांगायला हवेत, कारण चुकीचं फेल्ट हाती आलं तर सुती कापड परवडलं असं वाटेल. उजेडात धरून पाहा: ढगांसारखे पातळ-जाड पट्टे दिसले तर ते ताणलं जाणार, आणि कापूस भरल्यावर मासा एका अंगाने फुगणार. पुठ्ठ्यासारखं ताठ फेल्टही नको. त्याला खळीसारखं द्रव्य लावलेलं असतं, सुई करकरत जाते आणि मुलाच्याने ती रेटवत नाही. एक ते दीड मिलिमीटर जाडीचं, हाताला मऊ लागणारं घ्या. कृत्रिम तंतूंच्या स्वस्त फेल्टवर हाताळून हाताळून गोळे येतात, आणि गरम इस्त्रीखाली ते वितळतं. लोकरीचं फेल्ट याबाबतीत खूप उजवं, पण गरम पाण्यात आटतं आणि गडद रंग असेल तर पाण्यात उतरूही शकतो. दोन्ही प्रकारचं फेल्ट थंड पाण्यात हातानेच धुवायचं आणि सपाट वाळवायचं. गोंदाने डोळे चिकटवायचा मोहही टाळा: गोंद आत मुरून कडक होतो आणि त्या जागी सुई शिरत नाही.

जुना, शंभर टक्के लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात दोन-तीनदा मशीनमध्ये धुतला तर त्याचं उत्तम जाड फेल्ट होतं. मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेल्या लोकरीचं मात्र होत नाही. जुन्या टी-शर्टच्या कापडाला दशा सुटत नाहीत हे खरं, पण ते कडेला गुंडाळतं आणि हातात ताणतं, म्हणून पहिल्या शिलाईला मी ते सुचवणार नाही.

सुती कापड पुढे असतं ते वारंवार धुवायच्या वस्तूंत. बाळ तोंडात घालणार, रोज धुणार, अशी वस्तू सुतीच हवी. बाहुलीची चादर, नाडीची छोटी पिशवी, रुमाल यांत सरळ शिलाई असते, निमुळता भाग नसतो, आणि पिशवी सुलटवायची असली तरी तिचं तोंड मोकळंच असतं. तुमच्या मनात असं काही असेल तर फेल्टच्या नादी लागू नका. सुती पिशवीवर फेल्टची मासोळी धावदोऱ्याने लावणं हाही चांगला मध्यममार्ग, फक्त ती पिशवी मग थंड पाण्यातच धुवावी लागते.

मुलाचा टाका पाच मिलिमीटरच्या आत आणि सारखा येऊ लागला की सुती कापडाची वेळ झाली. तेव्हा माशाऐवजी चौकडीची छोटी उशी घ्या: माया धरून १४ सेंटीमीटरचे दोन चौकोन, शिलाई कडेपासून एक सेंटीमीटरवर, सुलटवायची फट एका सरळ बाजूच्या मधोमध सहा सेंटीमीटर. चारही कोपऱ्यांची माया तिरकी छाटा, पण शिलाईपासून तीन मिलिमीटर राखून.