स्वेटर घ्यायचा तर आधी उलटा करून बघा

गेल्या तीन हिवाळ्यांत मी तीन स्वेटर घेतले, चौथा भेट मिळाला आणि पाचवा विणून घेतला. दिवाळी झाली की कंपनीतले दोघं-तिघं तरी विचारतातच, स्वेटर कुठला घेऊ रे, आणि दरवेळी चहाच्या टायमात अर्धवटच सांगून होतं, म्हणून यंदा बसून सगळं लिहितोय.

आधी आपली थंडी बघा. बेळगावची थंडी म्हणजे काय दिल्लीची नव्हे. जानेवारीत पहाटे पारा १३-१४ वर येतो, धुक्यात उद्यमबागेला सकाळच्या शिफ्टला गाडीवरनं जाताना बोटं वळत नाहीत, आणि दुपारी तोच पारा २९-३० वर जाऊन बसतो. म्हणजे ते जाडजूड, फुगलेले स्वेटर दोन तास अंगावर आणि दिवसभर खुर्चीच्या पाठीवर. आपल्याला पाहिजे तो पातळ पण खऱ्या लोकरीचा, शर्टावर नीट बसणारा, ऑफिसात आणि लग्नातही चालणारा. हे मला पहिल्या वर्षी कळलं असतं तर पैसे वाचले असते.

आणखी एक घोळ म्हणजे आपल्याकडं लोकर हा शब्द कशालाही लावतात. दुकानात धाग्याचे रंगीबेरंगी गुंडे टांगलेले असतात ते सगळे लोकरच, पण त्यातले बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतात, म्हणजे प्लॅस्टिकच्याच जातीचा धागा. मेंढीचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुकानदार खोटं बोलतोय असंही नव्हे, भाषेतच ते तसं रुळलंय. म्हणून 'लोकरीचा आहे काय ओ' असं विचारू नका, 'वूल किती टक्के' असं विचारा आणि आतलं छोटं लेबल स्वतः वाचा.

पहिला स्वेटर मी एका मोठ्या शोरूममधनं घेतला, नाव लिहीत नाही. २८०० रुपये. पुढं टांगलेल्या कार्डावर वूल हा शब्द मोठ्ठा, एसीत दिवे छान, घालून बघितला तर लई रुबाबदार दिसत होता, घेतला. घरी येऊन आतलं लेबल बघितलं तर वूल २० टक्के, बाकी अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर. संक्रांतीपर्यंत काखेत आणि पोटावर जिथं बॅगचा पट्टा घासतो तिथं गोळे गोळे आले. आता गोळे खऱ्या लोकरीलाही येतात, पहिल्या काही वेळा घातल्यावर येतात आणि झडतात. पण पॉलिएस्टरसारखा धागा चिवट असतो, गोळा धरून ठेवतो, तो पडतच नाही. मी तो ब्लेडनं खरवडत बसलो आणि एका ठिकाणी भोकच पाडलं.

दुसरा घेतला तो थंडीत तिबेटी लोक स्टॉल लावतात तिथनं, ७०० रुपयांना. स्टॉलवरच्या अक्कांनी विचारायच्या आधीच सांगितलं, मिक्स आहे, लुधियानाचा माल आहे, मशीनला टाका, काही होत नाही. त्यांनी जे सांगितलं तेच निघालं. गाडीवर वर जॅकेट घालून जायचं असेल, कारखान्यात तेलकट होणार असेल तर हाच घ्या, मी आजही तोच घालून जातो. पण दुपारी त्यात घाम येतो आणि घाम आत कोंडतो, वास येतो. लोकरीची गंमत इथंच आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही, अ‍ॅक्रिलिकला हे जमत नाही. आपल्या धुक्याच्या सकाळी आणि घामाच्या दुपारी ह्या एका गुणासाठी जास्त पैसे द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

तिसरा युनिक्लो ह्या जपानी ब्रँडचा मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचा. बेळगावात त्यांचं दुकान नाही, मुंबईला कामाला गेलो होतो तेव्हा कुर्ल्याच्या मॉलमधनं घेतला. तीन-चार हजारांच्या मधली किंमत, १०० टक्के मेरिनो, तंतू १९.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मी कंपनीत क्वालिटी तपासणीला आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर, त्यामुळं कपड्याच्या दुकानात मायक्रॉन हा शब्द ऐकून माझे कानच टवकारले. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन. लोकरीचा तंतू ३० च्या वर गेला की त्याची टोकं कातडीत वाकत नाहीत, टोचतात, खाज सुटते. आपल्या धनगरी घोंगड्याची लोकर जाड म्हणूनच ते टोचतं, आणि जाड म्हणूनच पावसात आणि रानात वर्षानुवर्षं टिकतं, त्याचं काम वेगळं. तेव्हा 'मला लोकर सहन होत नाही, खाज येते' असं जे म्हणतात त्यांनी एकदा २० मायक्रॉनच्या आतला मेरिनो उघड्या मानेला लावून बघावा. मी लावला आणि तिथंच उभ्या उभ्या ठरवलं.

घरी आणला तर आई म्हणाली, एवढ्याशा पातळ्यात थंडी कशी जाणार रे. दुसऱ्या दिवशी पहाटे जांबोटीकडं जाताना आत शर्ट, त्यावर हा आणि वर साधा विंडचीटर एवढ्यावर गेलो, गारठा लागला नाही. परत येताना अकराचं ऊन होतं तरी काढावासा वाटला नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याला कसर लागली. चूक माझीच, न धुता लाकडी कपाटात आठ महिने टाकून दिला होता. घामाच्या, अन्नाच्या डागावर कसर आधी बसते हे आता पक्कं लक्षात आहे. आमच्या गल्लीतल्या रफूवाल्या चाचांनी आतल्या शिवणीतला धागा काढून ते भोक असं बुजवलं की मला स्वतःला शोधावं लागतं. ८० रुपये घेतले. सांगायचा मुद्दा हा की चांगला स्वेटर दुरुस्त होतो, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही असतं.

चौथ्यानं माझी बुद्धीच फिरवली. इंग्लंडला असलेल्या आतेभावानं त्याचा जॉन स्मेडलीचा व्ही गळ्याचा स्वेटर मला दिला, तो स्वतः आता जाड झालाय म्हणून. ही कंपनी १७८४ पासून डर्बीशायरमधल्या ली मिल्समध्ये आहे, म्हणजे महादजी शिंदे हयात होते तेव्हापासनं! त्यांचे बारीक विणीचे स्वेटर ३० गेजचे, म्हणजे मशीनच्या सुया अगदी जवळजवळ. हातात घेतला तर स्वेटर वाटतच नाही, जाडसर रेशमी बनियन वाटतो. नवीन घ्यायचा तर वीस हजारांच्या आसपास जातो, मी काय घेतला नसता. पण तो मी इथल्या शहापूरच्या एका मावशींकडं बाही थोडी आखूड होईल काय विचारायला नेला, आणि तिथं जे बघितलं त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

ह्या मावशी हातमशीनवर शाळेचे स्वेटर विणतात, तीसेक वर्षं. त्यांनी तो घेतला, घडी मोडली, आणि पहिलं काय केलं तर उलटा केला. काखेपाशी मुंड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे आम्ही करतो तसंच की रे. टाके कमी केलेत. कापलेला नव्हे हा." मग मला खिडकीपाशी नेऊन दाखवलं. मुंड्याच्या कडेनं तिरक्या टाक्यांची एक बारीक ओळ जाते, ती म्हणजे विणतानाच टाके घटवत घटवत आकार दिलाय. पाठ, पुढा, बाह्या असे तुकडे आकारातच विणायचे आणि मग टाक्याला टाका धरून जोडायचे. परदेशात ह्याला फुली फॅशन्ड म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. मी मग घरी जाऊन माझा तो २८०० चा आणला. त्यांनी उलटा केला आणि लगेच खाली ठेवला. "हे कापडाचं ठाण विणून कात्रीनं कापलंय, ओव्हरलॉक मारलंय. शर्ट शिवल्यासारखं. वीणच कापली तर मग ती जागा कशी धरणार?"

खरंच, दोन्ही शेजारी ठेवल्यावर आंधळ्यालाही कळेल. एकाची आतली शिवण चपटी, जवळजवळ नाहीच. दुसऱ्याच्या आत त्या ओव्हरलॉकची, जाड दोऱ्याची फुगीर पट्टी, खांद्यावर टोचणारी. कापून शिवलेला सगळाच वाईट असं म्हणत नाही, हजार रुपयांच्या स्वेटरला तेच परवडतं. पण पाच-सात हजार मागत असतील आणि आत ओव्हरलॉक असेल तर ते पैसे नावाचे आहेत, विणीचे नव्हेत.

तेव्हापासनं मी कुठल्याही दुकानात गेलो की आधी उलटा करतो. सेल्समन बघतात, बघू देत. मग खालची बॉर्डर दोन्ही हातांनी ताणून सोडतो, पटकन जागेवर आली तर ठीक, सैल पडली तर दोन धुण्यात झालर होणार. उजेडासमोर धरतो, वीण सगळीकडं सारखी दिसली पाहिजे, कुठं विरळ कुठं दाट असेल तर नको. आत बटणाबरोबर जादा धागा दिलेला असतो तो घरी आणून पेटवतो. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते, अ‍ॅक्रिलिक असेल तर वितळून कडक मणी होतो. हे घरी, सिंकवर, जपून करा, दुकानात नको.

कश्मिरी लोकरीबद्दल, म्हणजे कॅशमिअरबद्दल, दोघांनी विचारलंय म्हणून थोडक्यात. ती शेळीच्या अंगाची आतली लव, लडाखच्या चांगथांगमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो म्हणून ती शेळ्यांना येते. एका शेळीची वर्षाला दीडदोनशे ग्रॅम, म्हणजे एका स्वेटरला दोन-तीन शेळ्या तरी लागतात. मग १५०० रुपयांत ती कशी मिळेल तुम्हीच बघा. आणि बेळगावला तिची गरजही नाही, मेरिनो पुरे, शिवाय घासायला तो जास्त टणक.

भारतीय ब्रँडमध्ये माँटे कार्लो लुधियानाचा, १९८४ पासनं, लोकरीच्या गिरणीवाल्यांनीच काढलेला. पण एकाच ब्रँडमध्ये शुद्ध लोकर, मिक्स आणि नुसतं अ‍ॅक्रिलिक असे सगळे माल असू शकतात, त्यामुळं नाव बघून घेऊ नका. वूलमार्कचं ते गुंडाळलेल्या धाग्यासारखं चिन्ह बघा, ते १९६४ पासनं आहे आणि साध्या वूलमार्कचा अर्थ शुद्ध नवी लोकर, मिक्सचं चिन्ह वेगळं असतं.

सूटच्या कापडातही हाच घोळ. भावाच्या लग्नाला एका दुकानात 'सुपर १५०' म्हणून कापड दाखवलं, भाव ऐकूनच मला शंका आली, ठाणाचा काठ उलटून वाचला तर पॉलिएस्टर व्हिस्कोस. सुपर हा आकडा लोकरीच्या बारीकपणाचा आहे, सुपर १०० म्हणजे तंतू १८.७५ मायक्रॉनपेक्षा जाड नको, सुपर १२० म्हणजे १७.७५. लोकरच नाही तिथं सुपर कुठलं? आम्ही उठून दुसरीकडं गेलो आणि रेमंडचं साधं लोकर-मिक्स घेतलं, काठावर लिहिलं होतं तेच सांगितलं, समाधान झालं. आणि रोज घालायचं असेल तर फार वरचा आकडा नकोच, बारीक कापड गाडीच्या सीटवर लवकर झिजतं.

आता पाचवा. मावशींना म्हटलं माझ्या मापाचा विणून द्याल काय. त्या म्हणाल्या लोकर तू आण, माझ्याकडं सगळी अ‍ॅक्रिलिक आहे. बेळगावात मेरिनोचा धागा शोधून दमलो, शेवटी ऑनलाइन ५०० ग्रॅम मागवला, बाटलीच्या हिरव्या रंगाचा, २१०० रुपये. विणायचे त्यांनी ६०० घेतले, मी ८०० दिले. त्यांच्या मशीनला इंचात सहा-सात सुया, त्यामुळं स्मेडलीसारखा तलम होणारच नाही, थोडा जाड आहे, शर्टाची कॉलर वर नीट बसायला व्ही गळा दोनदा उसवावा लागला. पण खांदा! तयार स्वेटरमध्ये माझा खांदा कधी बसला नाही, डावा जरा उतरता आहे, त्यांनी मापातच ते पकडलं आणि त्या बाजूला दोन टाके कमी केले. बॉर्डर बरोबर बेल्टवर येते, बाही मनगटाच्या हाडावर थांबते. पांढरा किंवा फिका निळा शर्ट, खाली करडी पँट, वर हा, एवढ्यात माणूस नीटनेटका दिसतो. मोठे लोगो, छातीवरचे पट्टे काही लागत नाही.

धुण्याचं सांगतो, कारण अर्धे स्वेटर धुण्यातच मरतात. गार पाण्यात रिठ्याचं पाणी, दहा मिनिटं, चोळायचं नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर लहान पोराचा होतो. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. दोरीवर टांगायचं नाही, ओल्या वजनानं बाह्या गुडघ्यापर्यंत येतात, कॉटवर सावलीत आडवा पसरायचा. हँगरला तर कधीच नको. ठेवताना धुऊन, पूर्ण वाळवून, पिशवीत कडुलिंबाचा वाळका पाला.

मावशींकडं जायचं असेल तर मे-जूनमध्ये जाऊ नका, शाळेच्या स्वेटरचा ढीग असतो, मान वर करायला वेळ नसतो. संक्रांत झाल्यावर जा. सोबत तुम्हाला नीट बसणारा एखादा जुना स्वेटर न्या, टेपपेक्षा त्या त्याच्यावरनं माप चांगलं घेतात, आणि लोकर ५० ग्रॅम जास्तच न्या, उरलेला धागा परत देतात, तो रफूला लागतो.