ऑटो-लॉगिन: अख्खा पावसाळा वापरल्यावर

मालवणच्या एका होमस्टेच्या काउंटरवर, विंडोज ११ च्या डेस्कटॉपवर जूनपासून ऑटो-लॉगिन, म्हणजे पासवर्ड न विचारता खातं आपोआप उघडणं, चालू आहे. अपेक्षा एवढीच की लाइट जाऊन आली की कोणी हात न लावता बुकिंगचं पान उघडावं. पावसात इथे लाइट किती वेळा जाते, ते सांगायला नको.

सेटिंग पाच मिनिटांचं. रन (विंडोज + आर दाबून येणारी छोटी खिडकी) उघडून 'नेटप्लविझ' (एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड) टाइप करायचं, नाव-पासवर्ड मागणाऱ्या ओळीसमोरची टिक काढायची, अप्लाय करून पासवर्ड दोनदा भरायचा. घोळ इथेच होतो. सवयीने पिन भरला तर खिडकी तो निमूट घेते आणि पुढच्या वेळी पडद्यावर 'पासवर्ड चुकीचा' येतं. खात्याचा मूळ पासवर्डच लागतो, आणि तो बदलला की हे सगळं पुन्हा करावं लागतं. टिकची ओळच दिसत नसेल तर साइन-इन ऑप्शन्समधलं 'फक्त विंडोज हॅलो' (चेहरा, बोट किंवा पिनने लॉगिन) हे बटण बंद करून नेटप्लविझ पुन्हा उघडा. रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठतात तिथे) हाताने पासवर्ड लिहिण्याचा जुना उपाय नको, तिथे तो उघडा वाचता येतो.

पण निम्मं काम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय 'पॉवर ऑन'वर नसेल तर लाइट आली तरी मशीन झोपलेलंच. त्यातही एक मेख आहे. यूपीएसच्या सॉफ्टवेअरने संगणक नीट बंद केला आणि यूपीएस संपायच्या आत लाइट परतली, तर बोर्डाच्या लेखी वीज गेलेलीच नसते, मग तो उठणार कशाला? तेव्हा बटण दाबावंच लागतं.

खाऱ्या हवेत मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलच्या पत्रीवर हिरवट थर चढतो. सेल दगावला की घड्याळ मागे जातं, बऱ्याच बोर्डांवर बायोसचं सेटिंगही पुसलं जातं, आणि तारीख चुकल्यामुळे ब्राउझर साइट उघडत नाही. दोष मात्र ऑटो-लॉगिनला! पत्री कोरड्या कापडाने पुसून नवा सेल घाला, खर्च किरकोळ.

काउंटरसाठी खातं वेगळं आणि स्टँडर्ड ठेवा, ॲडमिनचं नको. त्यातल्या ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड साठवू नका, कारण खुर्चीत बसेल त्याला सगळं उघडं. लॅपटॉपवर तर हे करूच नये.