भागीदारीतून बाहेर काढलंय: दावा लावावा की लवाद नेमावा?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या पावडर कोटिंगच्या शेडचं कुलूप एका सोमवारी बदललं. त्या आठवड्यात मला जितके सल्ले मिळाले, तितके लग्न ठरलं तेव्हाही मिळाले नव्हते. आम्ही तिघे भागीदार: दोघे सख्खे भाऊ आणि मी. माझा हिस्सा पस्तीस टक्के. रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, "उद्यापासून येऊ नकोस, हिशेब नंतर बघू." तो 'नंतर' यायला चौदा महिने लागले.

ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे आणि ज्यांची साधी भागीदारी फर्म आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर रस्ता वेगळा. तिथे 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 241 आणि मुंबईचं एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचं न्यायाधिकरण. त्या वाटेनं मी गेलेलो नाही, त्यामुळे बोलत नाही.

बहुमताने भागीदाराला हाकलता येत नाही, हे एव्हाना तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 33 तेच म्हणतं: तसा अधिकार करारात दिलेला हवा आणि तो सद्हेतूने वापरलेला हवा. आमच्या डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या लेखी करारात, असं काही नव्हतं. म्हणजे कायद्यानं मी भागीदारच होतो. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. पुढे कळलं की खरी कटकट तीच आहे.

तुलना करायला माझ्याकडे दोनच नमुने आहेत, माझा आणि आमच्या साडूंचा. साडूंचं मेन रोडला कापडाचं दुकान, चुलत्यांबरोबर भागीदारीत. तिथून त्यांना बाजूला केलं, तेव्हा त्यांनी विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावा लावला. मी लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाकडे, गेलो. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये, हे मान्य.

साडूंचा दावा ज्या क्रमानं चालला तो क्रम समजून घ्या, कारण तो वकील सुरुवातीला नीट सांगत नाहीत. समन्स, कैफियत (समोरच्याचं लेखी उत्तर), मनाई हुकमाचा अर्ज, मुद्दे, पुरावा, आणि मग प्राथमिक हुकूमनामा. त्यात कोर्ट कोणाचा हिस्सा किती ते ठरवतं, भागीदारी कोणत्या दिवशी संपली ते ठरवतं आणि हिशेब घ्यायचा आदेश देतं. जिंकल्याचे पेढे साडूंनी तेव्हा वाटले. खरं तर तिथून निम्मा रस्ता सुरू होतो: हिशेबासाठी कमिशनर, त्याच्यापुढे वह्या, हरकती, अहवाल, आणि मग अंतिम हुकूमनामा. साडू अजून कमिशनरपुढेच आहेत. मधल्या काळात दुकानाचं गिऱ्हाईक, उधारी, दिवाळीचा माल, सगळं चुलत्यांकडे.

लवादात पायऱ्या याच असतात, पण एकाच खोलीत. आमचे लवाद निवृत्त न्यायाधीश होते. बैठका शनिवारी दुपारी. तिसऱ्या बैठकीला त्यांनी दोन्हीकडच्या सीएंना टेबलाला समोरासमोर बसवलं, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडायला लावलं आणि स्क्रॅपची विक्री कुठे दाखवली आहे ते विचारलं. साडूंच्या दाव्यात हा साधा प्रश्न विचारायला कमिशनर नेमला जाईपर्यंत थांबावं लागलं.

खर्चाचं मात्र उलटं आहे. न्यायाधीशांचा पगार सरकार देतं, लवादाची फी आपण. निम्मी निम्मी असं ठरतं, पण समोरच्यानं त्याची निम्मी भरलीच नाही तर काम चालू ठेवायला तुम्हालाच भरावी लागते. मी दोन वेळा भरली. त्या महिन्यांत घरी बायकोनं हिशेब विचारला नाही, हे तिचे उपकार. शिवाय लवाद कोण यावरच एकमत झालं नाही, तर लवाद नेमून मागायला लवाद कायद्याच्या कलम 11 चा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात. म्हणजे सकाळची पंचवटी एक्सप्रेस. माझ्या नशिबानं दुसऱ्या नावावर दोघे भाऊ तयार झाले.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मन लवादाकडे वळलं, ती. हसू नका.

फर्मच्या जीएसटी नोंदणीत मोबाइल नंबर माझा होता. मला काढलं, कुलूप बदललं, बँकेत माझी सही थांबवायचं पत्र दिलं, पण तो नंबर त्यांच्या अकाउंटंटनं बदललाच नाही. का, ते मला आजही कळलेलं नाही. दर महिन्याच्या वीस तारखेला रिटर्न भरायची वेळ आली की त्या पोराचा फोन: "सर, एक ओटीपी आला असेल बघा." पहिल्या महिन्यात मी दिला नाही. वकिलांनी झापलं. म्हणाले, "विलंब शुल्क आणि व्याज फर्मला बसेल आणि फर्म म्हणजे तुम्हीही. जीएसटी कायद्याचं कलम 90 वाचा. थकलेल्या कराला सगळे भागीदार जबाबदार, एकेकटे आणि मिळून." म्हणजे ज्या शेडमध्ये मला पाय टाकता येत नव्हता, तिथल्या विक्रीचं रिटर्न माझ्या ओटीपीनं जात होतं, आणि आकडे खोटे निघाले तर नोटीस मलाही. वीस तारीख जवळ आली की मला रात्री झोप लागत नसे. पैसे अडकल्याचा त्रास होताच, पण तो असा महिन्याच्या महिन्याला दार वाजवत नव्हता.

मला त्या वेळी हवी होती एक तारीख: अमुक दिवसापासून हा माणूस या फर्ममध्ये नाही. आमची भागीदारी दहा वर्षांच्या मुदतीची. 'अ‍ॅट विल' (मुदत न ठरवलेली) असती तर भागीदारी कायद्याच्या कलम 43 खाली नोटीस देऊन मीच फर्म विसर्जित करून मोकळा झालो असतो. तुमचं डीड तसं असेल तर पुढचं सगळं तुम्हाला सोपं आहे. साडूंना त्यांची तारीख प्राथमिक हुकूमनाम्यात मिळाली, पाचव्या वर्षी. मला ती दुसऱ्या बैठकीत मिळाली. लवादांनी विचारलं, "पैशाचं भांडण चालू द्या, पण हे कधीपासून बाहेर, यावर तरी वाद आहे का?" नव्हता. त्यांनी तेवढाच अंतरिम निवाडा संमतीनं दिला. त्यावर रिटायरमेंट डीड झालं, रजिस्ट्रारकडे कळवलं, राजपत्रात आणि मराठी पेपरात नोटीस आली. ही नोटीस टाळू नका. ती येईपर्यंत बाहेरच्या लोकांच्या लेखी तुम्ही भागीदारच असता. खरं सांगायचं तर कोर्टातही दोन्ही बाजूंनी पुरसीस (लेखी निवेदन) दिली असती तर हे जमलं असतं. पण कोर्टाच्या बोर्डावर शंभर प्रकरणं असताना हा प्रश्न आपणहून विचारायला कोणाला उसंत असते?

तारीख ठरल्यावर भागीदारी कायद्याचं कलम 37 कामाला आलं. हिशेब न मिटवता बाकीचे धंदा चालवत राहिले, तर बाहेर पडलेल्यानं निवड करायची: आपल्या रकमेवर वर्षाला 6 टक्के व्याज, किंवा त्या रकमेच्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. भाऊ 6 टक्क्यांवर अडले होते. त्या वर्षी एका मोठ्या वाहन कंपनीच्या व्हेंडरचं जॉबवर्क मिळालेलं, म्हणून मी नफा मागितला. निवड तुमची असते, त्यांची नाही. मुंडी हलवायच्या आधी दोन्ही आकडे काढून घ्या.

कोर्ट कुठे सरस? समोरचा मालच विकून टाकेल अशी भीती असेल, तिथे. लवादाचा शब्द बँकेला किंवा तिसऱ्या माणसाला बांधत नाही. लवाद बसायच्या आधी मीही लवाद कायद्याच्या कलम 9 खाली इथल्या जिल्हा न्यायालयातूनच हुकूम आणला आणि टॅलीची प्रत सुरक्षित करून घेतली. तो हुकूम मिळाला की 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. आणि निवाडा हातात आला तरी पैसे दिले नाहीत तर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, कोर्टातच. फर्म नोंदलेली नसेल तर भागीदारी कायद्याचं कलम 69 दाव्याच्या आड येतं, पण विसर्जन आणि हिशेबाचा दावा तरीही चालतो. महाराष्ट्रानं तोही बंद करणारी दुरुस्ती केली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये रद्द केली. अशा वेळी मी दाव्याच्या बाजूनं झुकेन.

पण निवड तुमच्या हातात आहे का, ते आधी बघा. आमच्या वकिलांचं पहिलं वाक्य होतं, "डीड आणा, शेवटची पानं दाखवा." त्यात लवादाचं कलम (वाद लवादाकडे न्यायची अट) असेल आणि समोरच्यानं कैफियतीआधी ते दाखवलं, तर कोर्ट तुम्हाला तिकडेच पाठवतं. "त्यांनी फसवणूक केली, म्हणून लवाद नको" हेही सहसा चालत नाही. तामिळनाडूतल्या एका हॉटेलच्या भागीदारीत सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये म्हटलं की फसवणुकीचा साधा आरोप लवाद टाळायला पुरत नाही. डीडमध्ये ते कलम नसेल आणि रक्कम तीन लाखांच्या वर असेल, तर बहुधा व्यापारी दावा होतो, आणि तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. तिथे मिटलं तर सगळ्यात स्वस्त. आमच्यात तेवढं बोलणं उरलं नव्हतं.

दोन्ही रस्त्यांना मुदत आहे. फर्म विसर्जित झाल्यापासून हिशेब मागायला तीन वर्षं. लवादातही तीच मोजतात.

अंतरिम निवाडा आणि रिटायरमेंट डीडची प्रत हातात पडली त्याच दुपारी मी जीएसटी कार्यालयात निवृत्तीचं पत्र दिलं. कलम 90 मध्ये त्यासाठी एक महिना आहे, पण मला वीस तारीख यायच्या आत द्यायचं होतं. त्या महिन्यात पोराचा फोन आला तेव्हा मी त्याला पोचेचा फोटो पाठवला. तो म्हणाला, "बरं झालं सर, मलाही दर वेळी मागायला लाज वाटायची."