सेंट एमिलियोंचा ‘स्थानिक गाइड’: आम्हाला कसं लुबाडलं

दाजींची निफाडला द्राक्षबाग आहे. ते आणि ताई जूनमध्ये आमच्याकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आले, तेव्हा त्यांची एकच मागणी होती. पॅरिस राहिलं तरी चालेल, पण फ्रान्समधल्या बोर्दोकडच्या द्राक्षबागा बघायच्या. त्यांच्या या हौसेवर एका माणसाने डल्ला मारला. तो माणूस आजही नवी गिऱ्हाइकं शोधतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

इन्स्टाग्रामवर तो बोर्दोजवळच्या सेंट एमिलियों या वाइनच्या गावाचा ‘स्थानिक गाइड’ म्हणून वावरतो. इंग्रजी सफाईदार, फोटो सुंदर, व्हॉट्सअॅपवर उत्तर पाच मिनिटांत. चौघांसाठी दिवसभराची खासगी सहल, दोन नामांकित शातो (म्हणजे स्वतःची वाइन बनवणाऱ्या द्राक्षबागा), जेवण आणि गाडी, सगळ्याचे मिळून 640 युरो. निम्मे पैसे आधी बँकेतून पाठवायला सांगितले. पावती मागितली तर म्हणाला, त्या दिवशी हातात देतो. ती शेवटपर्यंत मिळाली नाही.

ठरलेल्या सकाळी बोर्दोच्या सेंट जाँ स्टेशनबाहेर भलताच माणूस उभा. म्हणे, तो आजारी आहे, मी त्याचा भाऊ. उरलेले पैसे त्याने गाडीत बसण्याआधी रोख घेतले. फ्रान्समध्ये भाड्याने प्रवासी नेणाऱ्या खासगी गाडीच्या काचेवर व्हीटीसीचं स्टिकर लागतं. या गाडीवर काहीच नव्हतं. थोडं अंतर गेल्यावर बातमी आली की मोठ्या शातोने आजची भेट रद्द केली, मालकाकडे पाहुणे आहेत. मी नंतर त्या शातोला ईमेल केली. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: या नावाने आमच्याकडे कधीच बुकिंग झालेलं नाही.

मग त्याने रस्त्याकडेच्या एका बागेपाशी गाडी थांबवली आणि या वेली ऐंशी वर्षांच्या आहेत, असं सांगू लागला. दाजी खाली वाकले, खोडाभोवती बोटं धरून बघितली, ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, कुठून फुटलाय तेही बघितलं. मला मराठीत म्हणाले, “अगं, हे खोड माझ्या मनगटाएवढं पण नाही. आपल्याकडं आठ-दहा वर्षांची बाग अशी दिसते. ऐंशी वर्षांचं झाड असं असतं का कुठं?” मी विचारलं तर तो हसून म्हणाला, मुळं जुनी आहेत. बाटल्यांवर ‘व्हिएय व्हिन्य’, म्हणजे जुन्या वेलींची वाइन, असं छापलेलं दिसतं. पण किती वर्षांची वेल जुनी म्हणायची याची कायदेशीर व्याख्या फ्रान्समध्ये नाही, त्यामुळे हे वाक्य कुठेही खपतं.

खरा डाव जवळच्या लिबूर्न शहराच्या बाहेर होता. ‘मित्राचं तळघर’ म्हणून आम्हाला एका गोदामवजा दुकानात नेलं. भिंतीवर चौकटीत लावलेला कागद: ‘1855 च्या वर्गीकरणातला शातो, सेंट एमिलियों’. हे शक्यच नाही. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी जी प्रतवारी झाली, तिच्यात लाल वाइनचे शातो बोर्दोच्याच मेदोक भागातले होते. अपवाद फक्त ग्राव्हमधल्या ओ-ब्रियोंचा. गोड वाइनसाठी सोतेर्न आणि बार्साक हे भाग होते. सेंट एमिलियों त्यात नव्हतंच. त्यांची स्वतःची प्रतवारी 1955 पासून आहे, साधारण दर दहा वर्षांनी बदलते, आणि 2022 च्या यादीत 85 शातो आहेत: 14 प्रीमिए ग्राँ क्रू क्लासे आणि 71 ग्राँ क्रू क्लासे. यादी सगळ्यांसाठी खुली आहे, फोनवर मिनिटात सापडते.

इथेच बहुतेक पर्यटक गंडवले जातात, म्हणून नीट सांगते. बाटलीवर नुसतं ‘सेंट एमिलियों ग्राँ क्रू’ असेल तर ती प्रतवारीतली वाइन आहे असं होत नाही. ते त्या भागातलं एक अपेलासियों, म्हणजे वाइन कुठल्या भागातली ते सांगणारं कायदेशीर नाव आहे आणि शेकडो उत्पादक ते लावतात. त्यात उत्तम वाइन असते, पण ‘क्लासे’, म्हणजे प्रतवारीतला, हा शब्द नसताना क्लासेचा भाव लावणं ही लूट आहे.

आम्हाला चाखायला दिलेल्या बाटलीवर ग्राँ क्रू होतं. चव चांगली होती, दाजींना आवडली. मग गळ्यात पडणं सुरू झालं: एवढा वेळ दिला, शेतकरी शेतकऱ्याला मदत करणार नाही का? बाटली 65 युरोंना. सहा बरोबर घेतल्या आणि बारा थेट निफाडला पोचवणार, सगळं शुल्क धरून वर 180 युरो. भारतात त्या वेळी आयात वाइनवर 150 टक्के शुल्क होतं, म्हणजे बारा बाटल्यांवर फक्त शुल्कच हजार युरोंच्या वर जातं. 180 युरोंत ते बसणं शक्यच नव्हतं. विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला मात्र दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे माणशी दोन बाटल्या.

आइंडहोवनला खोका उघडला. लेबलवर तेच चित्र, तीच सोनेरी अक्षरं, पण खाली बारीक अक्षरांत अपेलासियों ‘बोर्दो’. म्हणजे बोर्दोची साधी वाइन. ‘मी आं बुतेय ओ शातो’, म्हणजे शातोतच भरलेली, ही ओळही नव्हती. तीच बाटली एका फ्रेंच सुपरमार्केटच्या साइटवर सात युरोंना मिळाली. दाजी काही बोलले नाहीत. ज्याने आयुष्यभर द्राक्षाचा भाव व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकलाय, त्याला शेतकरी म्हणून फसवावं, याचा संताप मला अजून येतो.

निफाडचा खोका आला नाही. दिलेला ट्रॅकिंग नंबर कुरिअरच्या यादीत नव्हताच. गाइड म्हणाला दुकानदाराला विचारा, दुकानदार म्हणाला गाइडला विचारा, आणि मग दोघांनीही ब्लॉक केलं. बारा बाटल्या आणि पाठवणी कार्डाने भरली होती, त्यामुळे बँकेकडे तक्रार करून ते पैसे परत मिळाले. ट्रान्स्फर केलेले आणि रोख दिलेले गेले. लेबलांचे फोटो जोडून फ्रेंच सरकारच्या सिग्नलकोन्सो पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर तुम्हीही नोंदवा, एकाच दुकानावर तक्रारी साठल्या की तपासणीची शक्यता वाढते.

फ्रान्समध्ये प्रवास आणि भेटी एकत्र करून सहल विकणाऱ्याला आतू फ्रान्स या सरकारी पर्यटन संस्थेच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. आयएमने सुरू होणारा क्रमांक मागा आणि त्यांच्या साइटवर तो स्वतः तपासा. परवानाधारक गाइडकडे ‘गीद काँफेराँसिए’चं ओळखपत्र असतं, ते दाखवायला तो खळखळ करत नाही. आणि शातोचं नाव सांगितलं असेल तर त्या शातोलाच एक ईमेल करा.

दुसऱ्या दिवशी आम्ही साध्या लोकल गाडीने सेंट एमिलियोंला गेलो, बोर्दोहून पाऊण तासाच्या आत पोचवते. स्टेशनपासून गाव चालत वीसेक मिनिटांवर. प्लास दे क्रेनो चौकातल्या पर्यटन कार्यालयात शातोंच्या भेटी ठरवता येतात आणि चुनखडीत कोरलेल्या भूमिगत चर्चच्या फेरीची तिकिटंही तिथेच मिळतात. गाइडशिवाय आत सोडत नाहीत आणि इंग्रजी फेऱ्यांच्या वेळा मोजक्याच असतात, त्या आधी बघून जा.