हिरड्यांसाठी इलेक्ट्रिक टूथब्रश: गोल हेडचा की सोनिक?

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणून इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यायचं ठरलं, की प्रश्न पडतो कुठला घ्यावा. मुख्य प्रकार दोन. एकाचं हेड छोटं आणि गोल असतं आणि अर्धवट गिरकी घेत मागेपुढे फिरतं. ओरल-बीचे बहुतेक ब्रश असेच. दुसरा सोनिक. त्याचं हेड साध्या ब्रशसारखं लांबट असतं, पण अतिशय वेगानं थरथरतं; फिलिप्सचा सोनिकेअर यातलाच.

आधी साध्या ब्रशशी तुलना करू. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात 56 चाचण्या तपासल्या होत्या. इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांमध्ये तीन महिन्यांनंतर दातांवरचा प्लाक (जंतूंचा चिकट थर) 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी दिसली. हा चमत्कार नाही, पण फरक खरा आहे. ज्यांचा हात साध्या ब्रशनं नीट चालतो आणि हिरड्या निरोगी आहेत, त्यांनी बदलायलाच हवं असं मला वाटत नाही.

दोन प्रकारांपैकी गोल हेडच्या बाजूनं पुरावा जास्त आहे, पण सोनिकशी तुलना केली तर फरक थोडाच. माझ्या मते खरी निवड हाताच्या सवयीवर ठरते. गोल ब्रश एकेका दातावर टेकवायचा: बाहेरून, आतून, चावायच्या बाजूनं. शेवटच्या दाढेमागे तो सहज पोचतो. मात्र घासायची जुनी सवय सोडून त्याला त्याचं काम करू द्यावं लागतं, आणि नेमकं तेच अनेकांना जमत नाही. सोनिक साध्या ब्रशसारखाच धरता येतो, ब्रिसल्स (ब्रशचे केस) हिरडीच्या कडेला साधारण 45 अंशांत तिरपे टेकवून हळूहळू पुढे सरकवायचा. सुरुवातीला हिरड्यांना गुदगुल्या होतात, काहींना ते अजिबात सोसत नाही. गोल ब्रशची खरखर दातांत जाणवते, तीही सगळ्यांना आवडत नाही.

प्रकार कुठलाही असो, प्रेशर सेन्सर नसलेला ब्रश हिरड्यांसाठी घेऊ नका, हे मी आग्रहानं सांगेन. रक्त येतं म्हणून माणूस जोर लावतो, जोरानं हिरडी दुखावते, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर ती मागे सरते. मागे सरलेली हिरडी कुठल्याही ब्रशनं परत जागेवर येत नाही. सेन्सर असला तर जास्त दाब पडला की दिवा लागतो किंवा ब्रशचा आवाज बदलतो, आणि हात आपोआप सैल पडतो. त्याखालोखाल कामाचा दोन मिनिटांचा टायमर, दर 30 सेकंदांनी जबड्याचा एक भाग सोडून दुसरा घ्यायची खूण देणारा. पाच-सहा मोड आणि मोबाइल ॲप यांवर जास्त पैसे घालवण्यापेक्षा सॉफ्ट ब्रिसल्सची जादा हेड घ्या. हेड तीन महिन्यांनी, किंवा ब्रिसल्स फाकले की त्याआधीच, बदलावं लागतं. म्हणून ब्रश घेण्यापूर्वी त्याची हेड सहज मिळतात का, ते बघा. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारूनच ब्रश घ्या.

दोन दातांमधल्या फटीत मात्र यातला एकही ब्रश नीट पोचत नाही, आणि हिरड्यांचं दुखणं बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं. रोज एकदा फ्लॉस (फटीतून फिरवायचा बारीक दोरा), फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा बारीक ब्रश) लागतोच. प्लाक कडक होऊन टार्टर झाला असेल तर तो ब्रशनं निघत नाही, त्यासाठी डेंटिस्टकडे स्केलिंगच (टार्टर खरवडून काढणं) करावं लागतं. नीट साफ करूनही दोन आठवड्यांनी रक्त येतच असेल, दात हलत असतील किंवा हिरडीतून पू येत असेल, तर नवीन ब्रश शोधत बसू नका, दात दाखवून घ्या. आणि तंबाखू ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण धूम्रपानानं आजार असूनही रक्त कमी दिसतं.