बँक अधिकाऱ्यांसाठी कायद्याचा वर्ग, जरूर करा

पुण्यात एका फौजदारी वकीलबाईंचा दिवसभराचा वर्ग केला. कर्ज विभागात असाल तर चुकवू नका. बोगस कर्जाच्या प्रकरणात मॅनेजरवरचा खटला नेमका कुठे अडतो, हे बाईंनी कागद हातात देऊन दाखवलं. सरकारी बँकेत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली, नोकरीवरून काढायचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. २०१८ पासून निवृत्तांसाठीही. नमुन्याच्या परवानगीपत्रात कर्जदार एक आणि मूल्यांकन अहवाल भलत्याच प्लॉटचा! म्हणजे सही करणाऱ्याने फाइल उघडलीच नव्हती. बचावाचे वकील तिथेच बोट ठेवतात.

खासगी बँकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यापुरतं त्यांच्या अधिकाऱ्यांनाही लोकसेवक ठरवलं.

चुकलेला निर्णय आणि संगनमत यांतला फरक मात्र घाईत उरकला. प्रामाणिक अधिकाऱ्याची झोप तिथेच उडते. त्याला अख्खी दुपार द्यायला हवी होती. जेवण ठीक, फी जरा जास्त. टिपणं मात्र उत्तम, माझी प्रत सध्या शाखेत फिरते आहे.