गजाभाऊ जगाच्या सफरीवर: कापडी हत्तीचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

तुळशीबागेत चारशे रुपयांच्या आसपास मिळणारा, बसलेल्या बैठकीचा राखाडी कापडी हत्ती. उंची 22 सेंटिमीटर, वजन 180 ग्रॅम, कापडावरची लव जेमतेम 3 मिलिमीटर, डोळे धाग्यानं भरलेले. नाव गजाभाऊ, मुक्काम सदाशिव पेठ. परदेशी निघालेल्या नातेवाइकांच्या आणि मित्रमंडळींच्या सामानातून जायचं, नामांकित ठिकाणी ऐटीत बसायचं आणि तिथे विनोदी फोटो काढून घ्यायचे, एवढंच त्याचं काम. काही महिने असा वापर झाल्यावर कापड, भरण, शिवण आणि फोटो या सगळ्यांबद्दल ठाम मतं झाली आहेत. असं खेळणं फिरवायचा विचार असेल तर ती उपयोगी पडतील.

चेहरा सगळ्यात शेवटी बघा. आधी खेळणं आधाराशिवाय बसतं का, ते बघा. दुकानातच काउंटरवर ठेवून डोक्याला हलकी टिचकी मारा. डोलून परत सरळ झालं तरच पिशवीत घाला. कठड्यावर किंवा हॉटेलच्या टेबलावर खेळणं आपलं आपण बसलेलं असेल तर ते खरंच प्रवासाला आलेलं वाटतं आणि बघणारा हसतो. फोटोत माणसाचा हात दिसला की गंमत संपली. गोंडस पण लुळी अस्वलं या एकाच कारणानं बाद होतात.

बसण्याची किमया बुडाशी असते. तिथे प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांची पुरचुंडी शिवलेली असते. गजाभाऊच्या पोटात मूळची 60 ग्रॅमची होती. घरात ती पुरते, पण समुद्रकाठच्या वाऱ्यात हत्ती आडवा होतो. पुरचुंडी 100 ग्रॅमची केली की प्रश्न मिटतो. गोळ्यांऐवजी तांदूळ किंवा मोहरी भरा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. पुण्याच्या पावसाळ्यात धान्य दमट होतं, त्यात किडे आणि बुरशी होते. शिवाय ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये धान्य, बिया, पेंढा असला वनस्पतिजन्य माल भरलेल्या वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात. तपासणीत आतलं भरण जैवसुरक्षेच्या नियमात बसलं नाही, तर खेळणं तिथेच ठेवून यावं लागतं. त्याच देशांत पायांना लागलेली मातीही चालत नाही, म्हणून निघण्यापूर्वी तळवे ओल्या फडक्यानं पुसून घ्यावेत. डोक्यातलं आणि अंगातलं भरण साधं पॉलिस्टर फायबर असलं की कुठल्याच देशात अडचण येत नाही.

राखाडी रंग मुद्दाम निवडलेला आहे. फोनचा कॅमेरा उजेड मोजताना समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. त्यामुळे बर्फात पांढरा ससा जळून जातो किंवा मळकट दिसतो, काळं माकड सावलीत नुसता डाग होतं. हत्ती मात्र उन्हात, बर्फात, संग्रहालयाच्या मंद दिव्यात हत्तीच राहतो. लव आखूड असण्याचाही फायदा आहे. लांब केसांच्या कडा फोनच्या, मागचं धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडला कळत नाहीत आणि कानाभोवती विचित्र धूसर पट्टा येतो.

आता काय बिघडतं ते. सगळ्यात आधी मान. बॅगेत दबून मानेतलं फायबर चपटं होतं, डोकं पुढे झुकतं आणि हत्ती खिन्न दिसायला लागतो. उपाय सोपा आहे. पाठीची शिवण मानेखाली 4 सेंटिमीटर उसवावी, 15 ते 20 ग्रॅम फायबर बोटानं पिंजून थोडं थोडं सारावं आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं घट्ट दाबावं. मग दोन्ही कडांच्या आतून आळीपाळीनं सुई घालत शिडीसारखे टाके घेऊन दोरा ओढला की शिवण नाहीशी होते. गठ्ठाच्या गठ्ठा कोंबला तर मानेवर आवाळू येतं. फायबर आणि जाड दोरा रविवार पेठेत मिळतो. जुन्या उशीतलं काढून घातलं तरी चालतं, फक्त त्याचे गोळे झालेले नसावेत.

दुसरी दुखरी जागा शेपूट. सगळे हत्तीला शेपटीला धरून उचलतात आणि दोन-चार टाक्यांवर लटकणारी शेपूट सुटते. पाठीच्या शिवणीत 1 सेंटिमीटर रुंदीच्या नाडीचा छोटा फासा शिवून टाकावा. उचलायला तो, बॅगेला अडकवायला तो, आणि पुलावर किंवा बोटीच्या कठड्यावर फोटो काढताना मासेमारीची 0.3 मिलिमीटरची नायलॉन दोरी बांधायलाही तोच. ती दोरी फोटोत दिसत नाही, आणि हत्ती नदीत जात नाही. खाली माणसं चालत असतील अशा उंच कठड्यावर मात्र दोरी असली तरी ठेवू नये.

सोंडेत तार घालायचा मोह अनेकांना होतो, कारण सोंड वर केली की हत्ती सलाम करतो. 2 मिलिमीटरची ॲल्युमिनिअमची तार छान वाकते, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकल्यानं धातू थकतो, तुटतो आणि टोक कापडातून बाहेर येतं. घरात लहान मूल असेल तर तार नकोच. त्याऐवजी सोंडेच्या टोकापासून कपाळापर्यंत आतून एक दोरा ओढून घ्या. सोंड कायमची अर्धी वर राहते आणि तेवढं पुरतं. मुलांच्या हाती जाणारं खेळणं नवीन घेत असाल तर आयएसआय खूण बघा; 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती 1 जानेवारी 2021 पासून सक्तीची आहे. आणि डोळे चिकटवलेले नकोत, भरलेलेच हवेत.

विमानतळावर कापडी हत्तीला कुणी अडवत नाही. अडतं ते त्याच्या पोटातल्या वस्तूंमुळे. हरवू नये म्हणून एअरटॅग, म्हणजे वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी चकती, ठेवणं शहाणपणाचं आहे. तो 32 मिलिमीटर रुंद, 8 मिलिमीटर जाड आणि 11 ग्रॅमचा असतो, फायबरमधून त्याचा सिग्नल नीट येतो, फक्त आवाज दबतो. पण तो शिवून बंद करू नका. क्ष-किरणात मऊ खेळण्याच्या पोटात गोल धातू दिसला की तपासनीस उघडून दाखवा म्हणतात, आणि तिथे कात्री कुणाकडे नसते. पाठीला वेल्क्रोचा खिसा करा. सीआर 2032 सेल बदलायलाही तो लागतो. हा बटण सेल मुलानं गिळला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून घरी आल्यावर टॅग काढून ठेवा. सफरीचा पहिला फोटो लोहगावच्या विमानतळावरच काढायची सगळ्यांना घाई असते. ते हवाई दलाचं ठाणं आहे, धावपट्टीकडे किंवा विमानाच्या खिडकीतून फोटो काढायला मनाई आहे. सुरुवात घरच्या पायरीवर किंवा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी करा.

फोटोंची सगळी मजा आकाराच्या हिशेबात आहे आणि हिशेब त्रैराशिकाचा आहे. आयफेल टॉवर 330 मीटर उंच, हत्ती 22 सेंटिमीटर, म्हणजे टॉवर हत्तीच्या 1500 पट. हत्ती कॅमेऱ्यापासून 40 सेंटिमीटरवर ठेवला तर टॉवर 600 मीटरवर असताना दोघं सारख्या उंचीचे दिसतात. नदीपलीकडच्या ट्रोकादेरोच्या गच्चीवरून जवळपास हेच अंतर मिळतं. पिसाचा मनोरा साधारण 57 मीटर, म्हणजे 260 पट. तिथे 100 मीटर मागे सरकलं की पुरे. सिंगापूरचा मर्लायन, म्हणजे तोंडातून पाणी सोडणारा सिंहमुखी मासा, 8.6 मीटरचा, तिथे हत्ती अर्ध्या मीटरवर आणि मर्लायन 20 मीटरवर. जाण्यापूर्वीच हा हिशेब कागदावर करून द्यावा, म्हणजे नेणाऱ्याचा वेळ वाया जात नाही.

फोन कुठे दगा देतो, तेही सांगायला हवं. हत्ती जवळ आला की नवे फोन आपोआप मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळच्या फोटोसाठी, रुंद दृश्य टिपणाऱ्या अल्ट्रावाइड लेन्सवर जातात आणि मागचा टॉवर एकदम काडीएवढा होतो. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो बंद करा. पोर्ट्रेट मोडही बंद, नाहीतर टॉवरच पुसला जातो. मोठ्या सेन्सरच्या महागड्या फोनमध्ये 40 सेंटिमीटरवर फोकस धरला की लांबचं आपोआप धूसर होतं. मग हत्ती 1 मीटरवर न्या, मागची वास्तू त्याच प्रमाणात लांब घ्या आणि फोटो नंतर कापा. या कामात जुना, लहान सेन्सरचा फोन सरस ठरतो. फोन उलटा धरून लेन्स हत्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीलगत आणा. वरून काढलेल्या फोटोत तो खेळणं दिसतो, खालून काढलेल्यात पाहुणा. डोळे भरलेले असल्यानं चमक येत नाही. काळ्या धाग्यात एक पांढरा टाका घातला की नजर जिवंत होते.

आकाराच्या गमतीसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे बोलिव्हियातलं उयुनीचं मीठवाळवंट. 10,000 चौरस किलोमीटरहून मोठं, सपाट आणि पांढरंशुभ्र. अंतराचा अंदाज देणारी एकही खूण नसल्यानं हत्तीच्या सोंडेवर उभी माणसं खरीच वाटतात. पुण्याहून इतकं लांब जायची गरज नाही, कच्छचं पांढरं रण हिवाळ्यात कोरडं असताना तेच काम करतं. त्याउलट काही ठिकाणी हिशेबच लागत नाही. ब्रुसेल्सचा मानेकन पिस हा लघवी करणाऱ्या मुलाचा पुतळा अवघा 55 सेंटिमीटरचा आहे, कोपनहेगनची जलपरी सव्वा मीटरची. तिथे हत्ती शेजारच्या आळीतल्या माणसासारखा शोभतो.

विनोदाला सूर हवा. गजाभाऊ कुठेही गेला तरी पुणेकरच राहतो, हे एकदा ठरलं की फोटो आपोआप सुचतात. पुठ्ठ्याची 7 बाय 5 सेंटिमीटरची पिवळी पाटी, काळी अक्षरं, अक्षराची उंची किमान 8 मिलिमीटर. त्याहून लहान असली तर फोनवर वाचता येत नाहीत. पिसाला "टेकू नये, आधीच कललेला आहे." मर्लायनपाशी "पाणी जपून वापरा." मानेकन पिससमोर "येथे लघुशंका करणाऱ्यास दंड होईल." बिग बेनपाशी "दुपारी 1 ते 4 टोले पडणार नाहीत." एका फोटोत एकच पाटी, आणि वर पुन्हा समजावणारी ओळ लिहायची नाही. प्रार्थनास्थळं, स्मशानं आणि युद्धस्मारकं इथे पाटी काढूच नये. हत्ती नुसता बसलेला पुरतो. रोममध्ये ट्रेव्ही कारंज्याच्या काठावर बसायला मनाई आहे, स्पॅनिश पायऱ्यांवर 2019 पासून बसता येत नाही. नियम माणसांसाठी असला तरी फोटोसाठी आपण तिथे टेकतो, म्हणून जपा. ताजमहालात ट्रायपॉड नेता येत नाही.

प्राण्यांपासून सांभाळा. जपानच्या नारा उद्यानात हजाराहून जास्त मोकळी हरणं आहेत. बिस्किटांच्या वासाला सरावलेली ती हरणं हत्तीचा कानही चावून बघतात. बालीतल्या उबुदच्या माकडवनात खेळणं बाहेर काढूच नये. आपल्याकडे सिंहगड आणि महाबळेश्वरलाही तेच.

परत आल्यावर धुणं. आधी गोळ्यांची पुरचुंडी आणि टॅग काढा. हत्ती उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, 30 अंशांच्या पाण्यात हलक्या चक्रावर अर्धा चमचा सौम्य साबण घालून धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सावलीत, पंख्याखाली वाळवा. जून ते सप्टेंबरमध्ये पुण्यात आतलं फायबर वाळायला दोन-तीन दिवस लागतात, आणि बाहेरून कोरडा वाटला म्हणून कपाटात ठेवला तर कुबट वास धरतो. केस वाळवायचं यंत्र गरम हवेवर लावलं तर लव वितळून खरखरीत होते आणि ती दुरुस्त होत नाही. ओलसर असतानाच मऊ टूथब्रश फिरवला की लव उभी राहते. धुळीची ॲलर्जी असेल तर पिशवीत घालून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवा. थंडीनं सूक्ष्म किडे मरतात, पण धुतल्याशिवाय अंगावरून जात नाहीत.

कुणी जाणारं नसेल तर टपालानं पाठवता येतो. टोकियोत उनागी ट्रॅव्हल ही फक्त खेळण्यांना सहलीला नेणारी संस्था आहे. हत्ती पाठवायचा, ते फिरवून फोटो देतात. जाताना सीमाशुल्काच्या फॉर्मवर "वापरलेलं कापडी खेळणं, विक्रीसाठी नाही" असं इंग्रजीत लिहा, खरी किंमत घाला आणि सेल काढून घ्या. अडचण परतीला येते. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क 2023 च्या अर्थसंकल्पात 70 टक्क्यांवर गेलं, आणि टपालानं आलेल्या भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. म्हणून पाठवल्याची पावती आणि जाण्यापूर्वीचा तारखेसह फोटो जपून ठेवा. हत्ती आपलाच परत येतोय, हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

कापडी प्राणी अंतराळातही जातात. 2025 च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला ज्या ॲक्सिअम-4 मोहिमेवर गेले, तिच्यात जॉय नावाचा कापडी हंस होता. तो तरंगायला लागला की वजनरहित अवस्था आली, हे समजतं. मऊ, हलकं आणि कुणाला न लागणारं म्हणूनच असं खेळणं निवडतात.

विकत घेताना एकदम दोन घ्या, एकाच वेळी, एकाच दुकानातून. पुढच्या मालात राखाडी छटा आणि कानांचा आकार बदलतो, मग बदली हत्ती फोटोत लगेच ओळखू येतो. दोघांना आळीपाळीनं प्रवासाला पाठवा. एकच झिजत राहिला आणि दुसरा कोरा करकरीत राहिला, तर पहिला हरवल्यावर दुसऱ्याचा काही उपयोग नाही.